सुश्रुत आणि माझी दोरी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्याने स्वतः लिहून दिलेला मजकूर.)



सकाळपासून मी तुम्हाला चेहऱ्यावरून कमी आणि हसण्यावरून जास्त ओळखतो आहे. केस कोणाचेच राहिले नाहीत, पण हसणं तेच आहे. आणखी एक गंमत. आपण १९८२ मध्ये दहावीची परीक्षा दिली तेव्हा सगळेच चंद्रपूर जिल्ह्यातले होतो. निकाल लागला, पेढे खाऊन झाले आणि २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे आज निम्मे लोक त्या जिल्ह्याचे आणि निम्मे या जिल्ह्याचे असलो तरी मार्कशीट सगळ्यांची एकच आहे.

संयोजकांनी मला अर्धा तास दिला आणि विषयही दिला, सुश्रुत. कारण उघड आहे. मी प्लास्टिक सर्जन आहे, आणि आपल्या विज्ञानाच्या खोलीत सुश्रुताचं चित्र होतं. आठवतं का? पांढरी दाढी, मागे कुटी, समोर झोपलेला रोगी. सर त्या चित्राकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे जगातले पहिले सर्जन." आपण मागच्या बाकांवर त्या रोग्याच्या चेहऱ्याची नक्कल करायचो. सर, आज कबूल करतो, ती नक्कल सुरू करणारा मीच होतो.

ते चित्र अर्थात कल्पनेतलं. सुश्रुत दिसायचे कसे, कुणालाच माहीत नाही. त्यांच्या आयुष्याविषयी ग्रंथ सांगतो ते एवढंच की ते विश्वामित्रांचे पुत्र, आणि काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी यांच्याकडे शिकायला गेलेल्या शिष्यांपैकी एक. काळाबाबत अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी इसवी सनापूर्वी ६०० म्हणतात, कुणी त्याच्या कितीतरी अलीकडे आणतात. 'सुश्रुतसंहिता' हा ग्रंथही एका बैठकीत लिहिलेला नाही, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या हात फिरले आहेत. मूळचे १२० अध्याय, आणि मागून जोडलेल्या उत्तरतंत्राचे ६६. बगदादच्या खलिफांच्या काळात त्याचं अरबी भाषांतर झालं, इ.स. ८७८ सालचं एक हस्तलिखित नेपाळात आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या कविराज कुंजलाल भिषग्रत्नांनी तो इंग्रजीत आणला. चरित्र म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे इतकंच आहे. माणूस हरवला, त्याचा ग्रंथ उरला.

पण ग्रंथ वाचताना माणूस दिसतो. निदान मला दिसला, आणि तो त्या चित्रातल्या ऋषीसारखा मुळीच नव्हता. तो एखाद्या कडक, कामसू मास्तरासारखा होता. १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं तो मोजून सांगतो, आणि त्या १०१ मध्ये सगळ्यात मुख्य यंत्र कोणतं, तर हात, असं म्हणतो. मग या हाताला वळण लावण्यासाठी एक अख्खा अध्याय देतो. छेद घ्यायला शिकायचं ते कोहळा, दुधी भोपळा, काकडी यांच्यावर. खरवडायला शिकायचं ते केसाळ ताणलेल्या कातड्यावर. शीर टोचायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. आत सळई घालून शोधायला वाळवीने खाल्लेलं लाकूड. शिवायला कापड आणि मऊ चामडं. पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराची बाहुली. एवढं झाल्याशिवाय जिवंत माणसाला हात लावायचा नाही.

नागपूरच्या मेडिकलला असताना हा अध्याय मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला कोण आठवलं सांगू? आपले कार्यानुभवाचे सर. मंगळवारी शेवटचे दोन तास. बांबूच्या कमच्या सोलायच्या, टोपली विणायची, नाहीतर जुन्या गोणपाटावर टाके घालायचे. आपल्याला तो तास म्हणजे उनाडकीचा परवाना वाटायचा. सर मात्र टाका उसवून पुन्हा घालायला लावायचे. "दोन टाक्यांत सारखं अंतर ठेव. ओढू नको, कापड सुरकुततं." कातडी शिवतानासुद्धा अगदी हेच सांगावं लागतं. मी आज शिकाऊ डॉक्टरांना ते सांगतो, आणि त्यांना वाटतं हे वाक्य कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकातलं असेल. सर आज आले नाहीत. त्यांची तब्येत बरी नसते. उद्या घरी जाऊन त्यांना हे सांगणार आहे.

दुसरं असं की सुश्रुत नुसत्या पाठांतरावर विश्वास ठेवत नाही. मृत शरीर गवतात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावं, वाहत्या पाण्यात सात रात्री राहू द्यावं, मग वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्याने एकेक थर हळूहळू घासून आतलं सगळं डोळ्यांनी पाहावं, असं तो सांगतो. प्रेताचा विटाळ मानणाऱ्या समाजात बसून हे लिहिलं आहे, हे लक्षात घ्या. शास्त्र येतं पण काम येत नाही, किंवा काम येतं पण शास्त्र येत नाही, अशा वैद्याला तो एका पंखाच्या पक्ष्याची उपमा देतो. हे लक्षात ठेवा, पुढे मला ते लागणार आहे.

आता नाकाकडे येऊ. सुश्रुताचं नाव जगात झालं ते नाकावरून. नाक कापणं ही त्या काळी शिक्षा होती, लढाईतही नाकं जात. म्हणजे रोग्यांचा तोटा नव्हता. त्याची कृती थोडक्यात अशी: झाडाचं पान घेऊन ते गेलेल्या नाकाच्या मापाचं करायचं, ते गालावर ठेवून तेवढी कातडी सोडवायची, नाकाचा उरलेला भाग खरवडून ताजा करायचा आणि त्यावर ही कातडी बसवून शिवायची. श्वासासाठी आत दोन नळ्या. वरून पतंगाचं लाकूड, ज्येष्ठमध आणि अंजन यांची पूड. मग कापूस, आणि त्यावर तिळाचं तेल शिंपडत राहायचं. कोणत्याही सर्जनने हे वाचलं तर त्याला कळतं की लिहिणाऱ्याने हे काम केलेलं आहे, निदान जवळून पाहिलेलं तरी आहे.

ही विद्या पुढे कुठे गेली? पंडितांनी ग्रंथ जपला, पाठ केला, टीका लिहिल्या. चाकू मात्र त्यांच्या हातातून केव्हाच सुटला होता. मग चाकू कुणाकडे होता, याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळतं. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा एक बैलगाडीवान टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच होता. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवीन नाक करून दिलं. तो माणूस राजवैद्य नव्हता की शास्त्री नव्हता. तो कुंभार होता, विटा-मडकी करणाऱ्यांपैकी. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते काम समोर बसून पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासकट छापून आलं.

त्या कुंभाराने पानाऐवजी मेण घेतलं. मेणाचं नाक केलं, ते चपटं करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. पण दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी तशीच जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त चालू राहतं. कातडी वळवून खाली नाकाच्या जागी बसवली. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, ती नवीन जागी मुरल्यावर, मधली पट्टी कापली. जखमेवर काय लावलं? पाण्यात कालवलेला काथ, कापडाच्या पाच-सहा घड्यांवर पसरून. काथ म्हणजे खैर. आपल्या जंगलातला तोच खैर, ज्याच्या खोडाचा लाल गाभा उकळून काथ काढतात, जो आपण सगळे पानातून खातो आणि ज्याने माझ्या समोर बसलेल्या निम्म्या मित्रांचे दात रंगले आहेत.

त्या कुंभाराने सुश्रुतसंहिता वाचली होती का? मला तसं वाटत नाही. सुश्रुत गालाची कातडी सांगतो, याने कपाळाची घेतली, आणि ती जास्त चांगली असते. म्हणजे मधल्या कित्येक पिढ्यांत कुणीतरी, ज्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, त्याने पद्धत सुधारली. बापाने मुलाला दाखवली, मुलाने नातवाला. लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने तो लेख वाचला, वर्षानुवर्षं प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया करून दाखवली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. तिथून ती युरोपभर गेली. आजही जगभर कपाळावरून नाक करण्याच्या या रीतीला भारतीय पद्धत म्हणतात. परदेशातल्या परिषदेत हे नाव ऐकलं की छाती फुगते. मला मात्र त्या वेळी दाढीवाले ऋषी दिसत नाहीत, चाकावर बसलेला कुंभार दिसतो.

आणि एक बाई दिसते. नाव सांगत नाही. एटापल्लीकडच्या एका गावातली. मार्चअखेरीची गोष्ट. पहाटे ती मोहफुलं वेचायला गेली होती. तुम्हाला सांगायला नको, मोह रात्री गळतो, आणि माणसाइतकाच तो अस्वलालाही आवडतो. अस्वलाची नजर अधू, ते दचकतं, उभं राहतं आणि सरळ तोंडावर झडप घालतं. वाघाचा हल्ला पेपरात मोठ्या अक्षरात येतो. अस्वलाचा माणूस बहुतेक वेळा जिवंत राहतो, म्हणून त्याची बातमी लहान असते. पण जिवंत राहणं म्हणजे काय, ते आमच्या वॉर्डात येऊन पाहावं.

तिचं नाक नव्हतं. जखम भरून सहा-सात महिने झाले होते. या सहा-सात महिन्यांत ती बाजाराला गेली नव्हती, विहिरीवर अंधारात जायची, पदर दातात धरून ठेवायची. माडियाशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. आमच्याकडची एक नर्स दुभाष्या झाली. मी सगळं समजावलं, कपाळावर खूण राहील, तीन आठवडे भुवयांच्या मधून एक पट्टा लोंबेल, वाईट दिसेल, मग तो कापू. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "फुली घालता येईल का?"

मी माप घेतलं ते टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचं. आमच्यात सगळे हेच वापरतात, हाताशी असतो म्हणून. सुश्रुताचं पान, कुंभाराचं मेण आणि आमचा हा कागद. ऑपरेशन थिएटरमध्ये दिवे बदलले, भूल आली, प्रतिजैविकं आली, आधाराला आपण कूर्चा घालतो. पण कपाळावर माप ठेवून रेघ मारताना हात तेच करत असतो. तीन आठवड्यांनी पट्टा कापला. एका वर्षाने ती तपासणीला आली तेव्हा नाकात फुली होती. मी टोचू नका म्हणून बजावलं होतं. रागवायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो.

इथपर्यंत सुश्रुताचं कौतुक झालं. टाळ्या वाजवायच्या असतील तर आत्ता वाजवून घ्या, कारण पुढचा भाग वेगळा आहे.

सुश्रुताने एका ठिकाणी सांगितलं आहे की औषधी वनस्पती ओळखायची असेल तर गुराख्यांना, तापसांना, शिकाऱ्यांना आणि कंदमुळांवर जगणाऱ्या रानातल्या लोकांना विचारा. चरकसंहितेतही शेळ्या-मेंढ्या आणि गुरं राखणाऱ्यांबद्दल असंच आहे. म्हणजे काशीतला एवढा मोठा आचार्य आपल्या शिष्याला सांगतो, माझ्या ग्रंथात नाव आहे, पण झाड दाखवेल तो जंगलातला माणूस. आपल्याकडच्या वैदूला, पुजाऱ्याला आजही भुईनीम, सफेद मुसळी, बेहडा अंधारात वासावरून कळतो. गडचिरोलीतल्या गावागावांतल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या बायांना डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांची काळजी शिकवली आणि नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त खाली आले. ते १९९९ मध्ये लंडनच्याच 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. न शिकलेल्या हातावर भरवसा ठेवणं हे सुश्रुताच्या परंपरेतलंच आहे, असं मी मानतो.

पण त्याच ग्रंथात सर्पदंशावरही अध्याय आहेत. हाताला-पायाला साप चावला तर दंशाच्या वर चार बोटांवर दोरीने किंवा कापडाने करकचून बांधावं, मग चिरावं, रक्त ओढून काढावं, डागावं. हा सल्ला एकट्या सुश्रुताचा नाही. इंग्रजी प्रथमोपचाराच्या पुस्तकांतही तोच होता, आणि आपल्या व्हरांड्यातल्या फलकावरही. चौथी ओळ. आपण तो स्काऊटच्या तासाला पाठ केला होता.

नववीत होतो. रोवणीचे दिवस. आपल्या वर्गातल्या एका मित्राला बांधीच्या धुऱ्यावर घोणस चावली. शेजारी मी होतो. फलक माझा तोंडपाठ. मी परे बांधायचा सुंभ घेतला, चार बोटं मोजली आणि गुडघा टेकवून जोर लावून बांधला. नंतर आणखी एक वेढा दिला. गाव ते रस्ता बैलबंडी, नदीला पूर म्हणून डोंग्याची वाट पाहणं, पलीकडे एसटी. दवाखान्यात पोचायला रात्र झाली. इतका वेळ दोरी तशीच होती. कुणी सोडू म्हणालं तर मी सोडू दिली नाही. मित्र वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तुम्हा सगळ्यांना ही गोष्ट माहीत आहे. तुम्हाला माहीत असलेली गोष्ट अशी की मी त्याचा जीव वाचवला. पुढच्या २६ जानेवारीला मैदानावर माझा सत्कार झाला, तुम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मला शब्दकोश मिळाला. मी डॉक्टर व्हायचं तिथेच ठरवलं.

मग मी डॉक्टर झालो. वॉर्डात सापाचे रोगी पाहिले, बांधलेले आणि न बांधलेले. घोणशीचं विष मुळातच मांस सडवतं. त्यात रक्त अडवलं की ते विष त्याच जागी कोंडतं आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. बांधल्याने विष थांबत नाही, अवयव जातो. माझ्या मित्राचा पाय किती सापाने नेला आणि किती माझ्या सुंभाने, याची वाटणी आता कुणीच करू शकत नाही. मी मनातल्या मनात हजारदा केली आहे. दर वेळी उत्तर वेगळं येतं.

त्याला हे सांगायला मला चाळीसच्या वर वर्षं लागली. काल रात्री त्याच्या घरी उतरलो होतो. जेवण झाल्यावर सांगितलं, आणि आज इथे बोलू का तेही विचारलं. तो विडी ओढत होता. म्हणाला, "मले मालूम आहे गा. कृत्रिम पाय बसवाले गेलो तवाच तिथल्या डॉक्टरनं सांगतलन." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तुयं बक्षीस वापस घेतलं असतं ना बे." आणि हसत सुटला. मला हसता आलं नाही.

सर, तुम्ही सुश्रुत मोठा असं शिकवलंत, ते मी आजही मानतो. पण मघाशी सांगितलेला तो एका पंखाचा पक्षी म्हणजे मी होतो. शास्त्र पाठ, डोळ्यांनी पाहिलेलं काहीच नाही. ज्याने सात रात्री पाण्यात ठेवलेलं शरीर थराथराने उघडून पाहायला सांगितलं, त्याला आमचे सर्पदंशाचे वॉर्ड दाखवले असते तर त्याने आपल्या ग्रंथातला तो भाग स्वतःच्या हाताने खोडला असता, असं मला वाटतं. कुंभाराने गाल सोडून कपाळ घेतलं, तसंच हे. काही लोकांना असं बोललेलं आवडत नाही. प्राचीन ते सगळं बरोबर, नाहीतर प्राचीन ते सगळं भाकड, या दोनच बाजू त्यांना माहीत. मला सुश्रुताचं नाक हवं आहे, त्याची दोरी नको.

तर आता कामाचं. साप चावला तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. अंगठी, पैंजण, कडं काढायचं, कारण सूज येते. माणसाला चालू द्यायचं नाही. पाय किंवा हात मोडल्यावर फळी लावतो तसा सैलसर आधार देऊन स्थिर ठेवायचा, १०८ ला फोन करायचा आणि जिथे सर्पविषावरची लस आहे त्या दवाखान्यात जायचं. साप मारून बरोबर आणायची गरज नाही. मण्यार रात्री अंथरुणात चावते, दुखत नाही, सूज नसते, म्हणून झोपू द्यायचं नाही. पापण्या जड व्हायला लागल्या की समजायचं. आणि कुणी आधीच बांधून आणला असेल तर दोरी वाटेत झटक्यात सोडू नका, डॉक्टरांच्या समोर सोडायची.

काल संध्याकाळी मी व्हरांड्यात जाऊन पाहिलं. फलक तिथेच आहे. रंग उडाला आहे, पण चौथी ओळ अजून वाचता येते. मुख्याध्यापकांची परवानगी काढली आहे. आपला मित्र, तुम्हाला माहीतच आहे, गेली तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवतो. पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश त्याने आणला आहे. मजकूर मी सांगणार, लिहिणार तो. फलक उंच आहे आणि त्याला शिडीवर चढायला आधार लागतो. जेवणानंतर आपल्या वर्गातल्या दोघांनी शिडी धरायला यावं.